पितळ

बिलिंग्जहून किटरिज आलाय. पांढरे हातमोजे, कपाळावर भिंग.
जेवणाच्या टेबलावर मी घोंगडी अंथरलीय
आणि कपाटातून एकेक आणून ठेवतेय,
ऑर्व्हिलने शिकवलं तशी:
एक हात दस्त्याखाली, एक नळीखाली,
तोंड भिंतीकडे.
झोपलेलं मूल गाडीतून घरात आणावं, तशी.

तो आधी स्क्रू बघतो.
नंबर नंतर, नळी नंतर, आधी स्क्रू.
खाचेची कड जराशी फाटलेली असली
की समजायचं, कुणीतरी आत हात घालून गेलंय.
हे मला एकेचाळीस वर्षं पाठ आहे.
आमच्या उशांच्या अभ्र्यांनाही त्याच तेलाचा वास होता.

ही शहात्तरची, अष्टकोनी नळीची,
नेब्रास्कात एका शेताच्या लिलावात मिळाली.
गारपिटीत नऊ तास गाडी हाकली होती.
मालकीणबाई नुकतीच एकटी झालेली.
तिने आकडा सांगितला, ऑर्व्हिलने त्यावर शंभर ठेवले.
परतताना म्हणाला, लोव्ही,
नवरा गेलेल्या बाईशी घासाघीस करायची नसते.

किटरिज घासाघीस करतो.
करू दे. त्याला तीन मुली आहेत, एक कॉलेजात.
लीव्हर खाली ओढतो, वर घेतो:
खट्, खटाक्.
या घरात हा आवाज नोव्हेंबरपासून झाला नव्हता.
मी उगाच कॉफी ओतायला उठते.

"आणि ती?"

स्वयंपाकघराच्या दारावरची. सहासष्टची, पितळी चौकटीची.
त्याला ती आल्या आल्या दिसली असणार.
शेवटपर्यंत बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

तो ग्रेट फॉल्सच्या प्रदर्शनाला गेला होता, चार दिवस.
बाहेर उणे तीस. परवा त्याचा वाढदिवस.
मी सव्वीस वर्षांची, आणि भेट घ्यायला पैसे नव्हते.
कपाटात ती काळवंडलेली, चहाच्या डागासारखी;
मला वाटलं, बिचारीकडे कुणी लक्ष दिलेलं नाही.
व्हिनेगर, मीठ, चिमूटभर पीठ,
त्याचाच फाटका फ्लॅनेलचा शर्ट.
दोन दुपारी घासली.
शंभर वर्षांची साय निघाली,
कुणाकुणाच्या तळहातांचा घाम, खोगिराचं तेल, धूर,
सगळं मोरीतून वाहून गेलं.
मी गात होते, हेही आठवतं.

तो आला. टोपीवर बर्फ.
दारातच उभा राहिला, बराच वेळ.
मग म्हणाला, "घरात ऊन पडलंय."
बस, एवढंच.
ती पुन्हा कपाटात ठेवली नाही. खिळा ठोकून इथे टांगली.

तीन वर्षांनी वायोमिंगचा एक पाहुणा जेवता जेवता हसला:
"अरे, कोणत्या गाढवाने हिची अर्धी किंमत धुऊन टाकली?"
माझ्या हातात बटाट्यांचं भांडं होतं.
ऑर्व्हिल ताटातून मान वर न करता म्हणाला,
"मीच. तेव्हा नवा होतो."

पितळ उघडं पडणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.
भांडी विसळत राहिले. तोही पुसत राहिला.
दोघंही त्याबद्दल बोललो नाही,
त्या रात्री नाही, कधीच नाही.

"ही कुणी घासली?" किटरिज विचारतो,
डॉक्टरांच्या आवाजात.
"मी," मी म्हणते.
मोठ्याने म्हटल्यावर केवढा छोटा शब्द.

तो भिंग खाली घेतो, जवळ जातो, हात मात्र लावत नाही.
"कडेने रंग परत धरू लागलाय," म्हणतो.
"अजून साठसत्तर वर्षं कुणी हात लावला नाही तर..."
"लावतात," मी म्हणते.
चौकटीवर डाव्या बाजूला अंगठ्याएवढी जागा
अजून लख्ख आहे.
रोज सकाळी गोठ्याकडे जाताना
तो तिथे अंगठा टेकवून जायचा.

बाकीच्या अकरा त्याने नेल्या.
घोंगडी झटकली, कपाट उघडंच ठेवलं, वारा लागू दे म्हणून.
संध्याकाळी गोठ्याकडे निघाले
तेव्हा दारात थबकले.
माझा अंगठा लहान आहे.
कडेला थोडी जागा उरते.